गाण्यातला जिना

४ जुलै
धाकटीने माझं गाणं विहिरीत ढकललं. दुसरं काय म्हणू?
रेकॉर्ड कंपनीला ते जुनं गाणं नव्या वाद्यांवर हवंय, आणि काम नेमकं आमच्या लेकीकडेच आलं. आज ऐकवलं. मीच गातेय, पण तळाशी उभी राहून.
"आई, तुझ्या आवाजावर आधीच एको आहे. त्यावर मी माझा घातला, म्हणून गिचमिड झाली. आधीचा काढावा लागेल."
"मग तुझा काढ की."
"नव्या वाद्यांशी जुळायला नको? तुझा टेपमध्येच मुरलाय, तीच तर कटकट आहे."
कटकट म्हणे!

५ जुलै
अजून डोक्यातून जात नाही. काढायला तो काय चहाचा डाग आहे?
तो एको यंत्रातला नव्हेच. ह्यांच्या स्टुडिओत असलं यंत्र कुठे होतं तेव्हा! ह्यांनी इमारतीच्या जिन्यात खाली स्पीकर ठेवला, वरच्या मजल्यावर मायक्रोफोन. माझा गाऊन झालेला आवाज खालून सोडायचा, आणि जिना चढून वर पोचेल तो पुन्हा टेपवर घ्यायचा. टेपच्या मशीनवर मदतनीस. हे स्वतः जिन्यात पहारा देत उभे, मध्येच कुणी वर चढू नये म्हणून. कुणाची चप्पल वाजली की टेप पुसून परत पहिल्यापासून.
मी घरी होते, धाकटी पोटात. गाणं तयार होऊन आलं तेव्हा माझाच आवाज मला उंच झाल्यासारखा वाटला. ह्यांना विचारलं, कसं झालंय? "ठीक आहे." बस्स. जन्मभरात माझ्या गाण्याला तेवढंच. कॉन्व्हेंटात गाणं शिकवणाऱ्या सिस्टरसुद्धा प्रगतिपुस्तकात 'गुड' तरी लिहायच्या.
तोंडाने बोलले नाहीत, पण तो जिना दिला मला. मी तेवढ्यावर राहिले. आता तोही काढायचा?

९ जुलै
काढला. मला न विचारता. कुठल्याशा प्रोग्रामने खरवडून. ऐकलं तर प्रत्येक शब्दाचं शेपूट तोडलेलं, आणि आवाज प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्यासारखा. सिस्टर शिकवायच्या, सूर आपणहून विझेपर्यंत तोंड मिटायचं नाही. मी कधी मिटलं नाही. माझ्या लेकीने मिटलं.
"जरा जास्तच निघालाय. थोडा परत घालते," ती म्हणाली.
"बापाचं काम खरवडताना हात कसा कापला नाही तुझा?"
"बाबा असते तर त्यांनीच काढला असता. नको असलेला एकही आवाज ठेवायचे नाहीत ते. तूच सांगतेस ना?"
माझाच दगड माझ्या कपाळावर. पान वाढलेलं तसंच ठेवून उठले.

१० जुलै
बोलत नाही मी. तीही नाही. बापावर गेलीय.

१३ जुलै
संध्याकाळी आली. हेडफोन माझ्या मांडीवर ठेवले.
"खरवडलेलं फेकलं नाहीये. वेगळं ठेवलंय. जिना जिना करतेस ना, हा घे नुसता जिना. दुसऱ्या कडव्याच्या आधी नीट ऐक." आणि स्वतः खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली.
फणकाऱ्यानेच कानाला लावले. शब्द जवळजवळ नाहीत. नुसती भिंतींना घासत वर जाणारी मी. मग कडवं संपतं. गाण्यात तिथे व्हायोलिनं सुरू होतात, त्यांच्याखाली इतकी वर्षं दबलेलं असणार.
पावलं. कुणीतरी जिना चढतंय. आणि हे, अगदी दबक्या आवाजात:
"थांबा हो जरा. बायको गातेय माझी. ऐका."

१४ जुलै
चप्पल वाजली तरी टेप पुसणारा माणूस. हे मात्र राहू दिलं.
धाकटीला सांगितलं, गाण्यात तुला हवा तो एको घाल. जिना माझ्याकडे राहील.