अकोसुआने सही केली नाही

ती. आईस चैत्रालीचा नमस्कार.

मी बरी आहे. लंडनची, म्हणजे आमच्या क्रॉयडनची थंडी आता सोसते.

घानामधलं एक ऑनलाइन दुकान आमची अवाढव्य कंपनी विकत घेणार होती. ते उभं करणारी अकोसुआ सही करायला इथे आली होती. तिचे कागद मीच तयार केले होते. लंचला तिने मला विचारलं, "तू माझ्या जागी असतीस तर विकलं असतंस?"

ताबा मिळाल्यावर तिची निम्मी माणसं काढायचं ठरलंय, हे मला ठाऊक होतं. मी ताटातला भात काट्याने इकडेतिकडे सारत बसले.

"कळलं," ती म्हणाली आणि सही न करताच गेली.

सोमवारी मॅनेजरने त्या लंचबद्दल विचारायला बोलावलंय. माझा व्हिसा या नोकरीवरच आहे; बाबांना एवढ्यात सांगू नकोस. त्यांचा गुडघा कसा आहे?

नुसतं 'हो' म्हणायचं होतं गं आई. जीभच वळली नाही.

तुझी,
चैत्राली