मस्कतची धूळ, भैरवगडची चादर

नानाखेडा, उज्जैन
१२ जून १९९५

ती. जयंतदादास,

मधुराचा नमस्कार. (साष्टांग लिहायची रीत आहे, पण सध्या फरशीवर धुळीचा जो थर आहे तो पाहता नुसताच घालते, बाकीचा तू आलास की.) तुझी, वहिनींची आणि सुमीतची प्रकृती चांगली असेल असं धरून चालते. वहिनींची कंबर त्या एसीमुळे धरते असं मला वाटतं, पण मी डॉक्टर नाही, तेव्हा हे मत समजावं, निदान नव्हे. माझी प्रकृती उत्तम आहे. कूलर चालतो. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, पण एका माणसाला ते पुरून उरतं. काही कमी नाही.

तुझं पत्र मिळालं. आपलं हे घर विकायचं तू ठरवलं आहेस, गिऱ्हाईक चांगलं आहे, इकडच्या जागांचे भाव गेल्या काही वर्षांत कुठच्या कुठे गेले आहेत, तुला पुण्याला फ्लॅट बुक करायचा आहे आणि आई-तात्यांनंतर घर आपल्या दोघांच्या नावावर असल्यामुळे माझं संमतिपत्र हवं आहे, हे सगळं समजलं. तू मुद्दे क्रमाने लिहिलेस म्हणून वाचायला सोपं गेलं. माझी हरकत नाही. घर म्हणजे शेवटी विटा, सिमेंट आणि हाउसिंग बोर्डाने चुकीच्या दिशेला बसवलेल्या खिडक्या. ‘तीन खोल्यांत तू एकटी काय करतेस’ असं तू विचारलं आहेस. एका वेळी मी एकाच खोलीत असते, तेव्हा प्रश्न फक्त उरलेल्या दोन खोल्यांचा आहे. तर संमतिपत्र पाठवतेच. पण त्याआधी एक खुलासा करणं भाग आहे, कारण जे घडलं ते आपल्या गच्चीवर घडलं, आणि गच्ची घराबरोबरच विकली जाते.

तू लिहिलंस की धूळ गोळा करायचा पगार मिळतो हे ऐकून तुमच्या साइटवरचे लोक हसले, आणि हवी तर एक गोणी पाठवतो. पाठवायची गरज नाही, ती आपली आपण येते. वाळवंटात वारा जोराचा सुटला की वाळूचे जाड कण आकाशात जात नाहीत. ते जमिनीलगत उड्या मारत जातात, आणि आपटताना पिठासारखे बारीक कण उधळतात. हे बारीक कण तापलेल्या हवेबरोबर वर चढतात आणि वरच्या वाऱ्याला लागले की कित्येक दिवस खाली उतरत नाहीत. थरची धूळ माळव्यात येते हे इथला रिक्षावालाही सांगेल. पण उन्हाळ्याच्या अखेरीला वरचे वारे पश्चिमेकडून असतात, तेव्हा अरबस्तानातली, अगदी तुमच्या ओमानकडचीसुद्धा, समुद्र ओलांडून इथवर येऊ शकते. (‘येते’ असं मी लिहिलेलं नाही. ‘येऊ शकते’ असं लिहिलं आहे. तुमच्या साइटवर सांगताना हा फरक ठेवावा.) वाटेत काही समुद्रात पडते, तिच्यातलं लोह पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींच्या उपयोगी पडतं. काही हिमालयावर जाऊन बसते. मळलेलं बर्फ ऊन जास्त पितं आणि लवकर वितळतं. जी हवेतच राहते ती ऊन अडवते, त्यामुळे खाली जमीन जरा कमी तापते आणि वरची हवा जास्त. आपला पाऊस आम्लाचा होत नाही याचं बरंचसं श्रेय धुळीतल्या चुन्याला आहे. सहाराची धूळ तर अटलांटिक ओलांडून अमेझॉनच्या जंगलाला खत पुरवते. आणि हे सगळं व्हिसा न काढता, रजेचा अर्ज न करता. (हा टोमणा नाही, निरीक्षण आहे.)

ही धूळ मोजण्याचं संस्थेचं यंत्र मी आपल्या गच्चीवर बसवलं आहे. पत्र्याची उभी पेटी, वर घरासारखं उतरतं छप्पर, आतला पंखा हवा खेचतो आणि ती हवा एका पांढऱ्या, कागदासारख्या गाळणीतून जाते. रोज नवी गाळणी. लावण्याआधी वजन, काढल्यावर वजन, मधला फरक ती धूळ. आवाज जुन्या कूलरसारखा येतो. पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या दोघांनी ‘कितने का पडा’ असं विचारलं आणि एकाने गार हवा कुठून निघते ते वाकून पाहिलं. रात्री तो आवाज असतो ते बरं वाटतं. घरात काहीतरी चालू आहे असं वाटतं. (हे वाक्य खोडायला हवं होतं, पण खाडाखोड मला चालत नाही.)

आता गोंधळ. या हंगामात ज्या ज्या दिवशी आंधी आली, त्या त्या दिवशी गाळणीवर धूळ कमी भरली. शांत दिवशी जास्त. पश्चिमेकडून पिवळी भिंत चालत येते, सगळं शहर दारं-खिडक्या लावून घेतं, भांड्यांवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते, आणि माझी गाळणी मात्र धुतल्यासारखी. शिवाय तिच्यावर बारीक लाल ठिपके. आंधी येते दुपारनंतर, मी तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला प्रयोगशाळेत वजनं करत असते, म्हणजे यंत्रापाशी कोणी नाही. यंत्र मी दोनदा तपासलं. ते चोख होतं. मग मी तेच केलं जे शिकलेला माणूस करतो: कारण सापडेना म्हणून सिद्धांत मांडला. माळव्याचं पठार उंच असल्यामुळे आंधीचा मुख्य झोत उज्जैनच्या डोक्यावरून निघून जात असावा, अशी टिपणी आकृत्यांसह लिहून मुख्य कार्यालयाला अहमदाबादला पाठवली. आकृत्या चांगल्या आल्या होत्या.

सौमित्र सरांना (हे आमचे प्रमुख, नागपुरात वाढलेले बंगाली, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध) माझ्या पठारात रस वाटला नाही, पण लाल ठिपक्यांनी त्यांची झोप उडाली. लाल म्हणजे लोह, इतकं लाल आपल्याकडचं नव्हे, फार लांबचं असलं पाहिजे, सहाराचं असलं तर छापण्यासारखी गोष्ट आहे, असं फोनवर बोलता बोलता ते थेट गाडीत बसून गेल्या मंगळवारी इथे हजर झाले. नशीब असं की त्याच दुपारी पश्चिम पिवळी पडू लागली. सर गच्चीवर उभे राहून नवरीकडच्यांसारखे वाट पाहत होते.

तेवढ्यात शेजारच्या सुनंदाकाकू मधला कठडा ओलांडून आपल्या गच्चीवर आल्या. (गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तरी कठडा ओलांडणं सुटलेलं नाही.) बगलेत चादर. सरांना पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “सरका जरा, साहेब.” सर सरकले. काकूंनी चादर झटकून यंत्रावर टाकली, चारी बाजूंनी नीट खाली ओढली, नाड्याने आवळली आणि पायथ्याशी विटा ठेवल्या. हात असा सरावलेला की आमच्या तंत्रज्ञाचा नसेल.

“काकू, हे काय करताय?”

“काय करते म्हणजे? आंधी येतेय, दिसत नाही का तुला? एवढी शिकलीस ती.”

“अहो, हे यंत्र धुळीसाठीच आहे.”

“तेच तर म्हणते मी. धूळ गेली की मशीन जाम. आमच्या मिक्सरचं काय झालं ते तुझ्या बापूकाकांना विचार.”

सरांनी अगदी हळू विचारलं, “तुम्ही हे रोज झाकता?”

“रोज कशाला, साहेब. आंधी आली की. गेली की काढून नेते. ही घरी नसते ना. पण एकदाही चुकले नाही हं,” काकू म्हणाल्या, आणि मग त्यांना वाटलं असावं की साहेब आले आहेत तर सगळंच सांगावं, “आणि जुनी-पुरानी नाही घातली. खास भैरवगडहून आणली, नवी कोरी. सरकारी चीज आहे, उद्या कोणी नाव नको ठेवायला.”

सरांनी चादरीच्या काठावरून अंगठा फिरवला आणि माझ्यापुढे धरला. भैरवगडच्या छपाईचा लाल रंग पहिल्या दोन-चार धुण्यांपर्यंत सुटतो हे उज्जैनमध्ये सगळ्यांना माहीत आहे. “मधुरा,” सर म्हणाले, “हा तुमचा सहारा.” मग आंधी आली आणि आम्ही तिघं जिन्यात उभे राहिलो. यंत्र चादरीत गुरगुरत होतं. गाळलेलीच हवा पुन्हा गाळत होतं.

त्या अंधारात मी काकूंना विचारलं की हे मला आधी का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, “सांगायचं काय त्यात? तुझी आई शाळेत शिकवायला गेली की तिचे पापड-कुरडया मीच झाकायचे. ती कधी पूछायला नाही आली. आता तुमच्या छतावर एवढं एकच तर असतं.” मी वाऱ्याची दिशा टिपून घेतली.

सगळा हंगाम रद्द झाला. टिपणी सरांनी परत दिली, आकृत्या ठेवून घेतल्या, विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणाले. नंतर काकूंकडे पोहे खाताना (सरांनी दोनदा घेतले) त्यांनी मला सांगितलं की पुढच्या एप्रिलपासून याच गच्चीवर पुन्हा मोजणी करता आली तरच इथलं मोजणी केंद्र राहील, कारण जागा बदलली की जुनं-नवं जुळत नाही. नाहीतर यंत्र राजस्थानात जाईल आणि मी अहमदाबादला. “गच्ची मिळेल ना पुढच्या वर्षी?” काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “मिळेल म्हणजे? छत कुठे चाललंय?” सर माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं.

हे मी तुला न विचारता म्हटलं, म्हणून हा खुलासा. घर विकायचं ठरलं आहे हे मला माहीत होतं, तरी म्हटलं. अर्थात तो तांत्रिक प्रश्न आहे आणि सुटेल. अहमदाबाद वाईट नाही. तिथे मला टेबल, खिडकी आणि कॅन्टीन मिळेल. तिथे आंधी आली तर काही झाकायला कोणी येणार नाही, त्यामुळे आकडे अचूक येतील.

शुक्रवारी पुन्हा आंधी आली, आणि या वेळी मी मुद्दाम घरी थांबले होते. काकू घडी घातलेली चादर छातीशी धरून कठड्यापलीकडे उभ्या होत्या. अलीकडे आल्या नाहीत, पण आतही गेल्या नाहीत. बापूकाका जिन्यातून ओरडत होते, “अगं ए, मशीन आहे ती, पोर नाही कोणाचं,” तरी नाही. दुसऱ्या दिवशी काढलेली गाळणी चहासारखी तपकिरी निघाली. माझी ही पहिली खरी गाळणी. आम्ल घातल्यावर ती बरीच फसफसली, म्हणजे चुना जास्त, म्हणजे काही भाग थरपेक्षा लांबचा असण्याची शक्यता आहे. तुमच्याकडचा आहे असं मी म्हणू शकत नाही. म्हणणार नाही. वजन झाल्यावर ती लगेच पाकिटात ठेवायची असते, मी जरा उशिरा ठेवली, एवढंच.

असो. पत्र लांबलं. खुलासा संपला. वहिनींना नमस्कार, सुमीतला आशीर्वाद. तो आता मराठी वाचतो का ते कळवावं. संमतिपत्र सही करून सोबत जोडलं आहे.

तुझी
मधुरा

ता. क. संमतिपत्र जोडलेलं नाही. पाकीट प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेवून पाहिलं, ते हवाई टपालाच्या मर्यादेपेक्षा थोडं जास्त भरलं. काहीतरी काढणं भाग होतं, आणि पत्र काढलं असतं तर खुलासा राहिला असता.

ता. क. २. तसं पाहता त्या कागदाचं वजन नगण्य आहे. एक जादा तिकीट लावलं असतं तर भागलं असतं.

ता. क. ३. शनिवारी तुझं ते गिऱ्हाईक पुन्हा आलं होतं. गच्चीवर टेप लावून मापं घेत होतं. काकूंना विकण्याचं मी अजून सांगितलेलं नाही. त्यांनी पलीकडून विचारलं, “काय नापताय हो भैयाजी?” ते गृहस्थ तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं की माझा भाऊ दिवाळीला येतोय, तो आला की बघू. तसं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. संध्याकाळपर्यंत काकूंनी गल्लीभर सांगितलं, आणि काल माझ्याकडून तुझ्या खोलीतल्या गाद्या उन्हात घालून घेतल्या. दिवाळीला अजून चार महिने आहेत हे मी त्यांना सांगून पाहिलं. दादा, न मोजलेला आकडा मी आजवर कधी कोणाला दिलेला नाही. हा एक दिला आहे. सही करायची की नाही ते समोर बसून ठरवू, पण तू ये.