साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पुन्हा

१४ मार्च

प्रिय ताईस,

नमस्कार. गुडघा कसा आहे? रोपवाटिकेत वाकून कामं करू नकोस हे सांगून मी थकले, आणि तू ऐकणार नाहीस हेही मला ठाऊक आहे. इकडे सगळे मजेत. आमच्या ह्यांनी स्वयंपाक शिकायला घेतलाय, त्यामुळे सगळं घर बारीक होत चाललंय.

फोनवर बोलले असते तर तू मधेच ठेवून दिला असतास, म्हणून हे पत्र. काल मी तुझ्या त्या डॉक्टरची उलटतपासणी घेतली. हो, तोच. पुन्हा एक बाळंतीण गेली. तिच्या नवऱ्यानं दावा लावलाय आणि त्याची वकील मी आहे. डॉक्टरचा वकील म्हणून तोच कात्री उभा आहे, साक्षीदाराला कापून काढणारा. अजून सगळे त्याला त्याच नावानं ओळखतात.

त्या पहिल्या खटल्याच्या वेळी तू नर्सच्या नोकरीत होतीस, डॉक्टर पेशंटला टाकून गेला आणि बोलावूनही आला नाही एवढंच खरं सांगायला गेली होतीस. कात्रीनं तुला आधी चष्म्याचा नंबर विचारला. मग नवरा कधी सोडून गेला, मग झोपेच्या गोळ्या किती घेता. "फक्त हो किंवा नाही म्हणा, बाई." शेवटी तू म्हणालीस, "माझीच चूक झाली असेल." मी मागच्या बाकावर होते. तुझ्या हातातल्या रुमालाचा पार बोळा झाला होता.

ताई, एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. 'एका मोठ्या वकिलांकडे उमेदवारी करते' म्हणायचे, तो मोठा वकील कात्रीच होता. लग्नानंतरचं आडनाव, त्याला काय कळणार? शिकवायचा मात्र जीव ओतून. प्रश्न एवढासा ठेव, एका प्रश्नात एकच गोष्ट. 'का' विचारू नकोस, साक्षीदाराला भाषण करायला मिळतं. सगळी दारं त्याच्याच हातानं लावून घे. हवं ते मिळालं की खाली बस. मी मान डोलवायचे, आणि डोळ्यांपुढे तू असायचीस.

काल डॉक्टर ऐटीत आला. मी आवाज अगदी मऊ ठेवला.

"त्या दुपारी तुम्ही वॉर्डमध्येच होतात?"

"पूर्ण दुपार."

"मधे बाहेर गेला नाहीत?"

"मुळीच नाही. पेशंटला टाकून मी आयुष्यात कधी गेलेलो नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

मग मी त्याच्या मानसन्मानाकडे वळले. गडी खुलला. परिषदेनं सुवर्णपदक दिलं म्हणाला.

"ते घ्यायला स्वतः गेला होतात?"

"अर्थात. भाषणही केलं."

"कार्यक्रम दुपारचा होता?"

"हो, जेवणं झाल्यावर..."

"तारीख सांगाल?"

त्यानं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कात्री खुर्चीतून अर्धा उठला होता, तो परत बसला. ज्या दुपारी ती बाई गेली तीच तारीख. निमंत्रणपत्रिका मी न्यायाधीशांपुढे ठेवली आणि खाली बसले. 'मग तुम्ही वॉर्डमध्ये कसे होतात' हे विचारलंच नाही. डॉक्टरच्या कपाळावर घाम फुटताना मी बघत राहिले. मला बरं वाटलं, ताई. फार बरं वाटलं.

बाहेर व्हरांड्यात कात्री जवळ आला. "छान घेतलीस. माझी विद्यार्थिनी शोभतेस."

"मी हे तुमच्याकडे यायच्या आधीच बघितलं होतं," मी म्हटलं. "माझी बहीण साक्षीदार होती. याच डॉक्टरच्या विरुद्ध."

त्यानं तुझं नाव विचारलं. सांगितलं. तो खरंच आठवत राहिला, नाटक नव्हतं ते. मग म्हणाला, "नाही गं, काही लक्षात नाही. इतके साक्षीदार होऊन गेले."

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तू नोकरी सोडलीस, माणसांत बोलणं सोडलंस, आणि त्याच्या लक्षातही नाही.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. डॉक्टरचं ते 'कधीच नाही' मी मुद्दाम वदवून घेतलं होतं. त्यामुळे ते खोडून काढायला आधीच्या प्रकरणातला साक्षीदार बोलावायची मुभा मला मिळाली. मी तुझं नाव दिलंय. तुला न विचारता. समन्स या आठवड्यात येईल.

उलटतपासणी कात्रीच घेईल. चष्मा काढेल, गोळ्या काढेल, नवरा काढेल. काढू दे. 'हो, घेत होते. आणि डॉक्टर आला नव्हता.' एवढंच म्हणायचं, दर वेळी, त्याच्याकडे बघून. घाई करायची नाही. तो काय विचारेल ते मला पाठ आहे, रविवारी येऊन तुझी तयारी करून घेते. या वेळी त्याच्या लक्षात राहशील तू.

यायला जमलं नाही तरी मी समजून घेईन, असं इथं लिहायला हवं. लिहीत नाही.

तुझीच,
आणि या वेळी मागच्या बाकावर न बसणारी,
चिमी