लक्ष्म्या एक दिवस थांबल्या

दादा,

आज आपल्या घरी लक्ष्म्या, भाद्रपदातल्या गौरी, जेवल्या. आई आता चुलीपुढं बसत नाही, गुडघे धरतात. पण पुरणाची डाळ शिजली का ते बोटात दाबून बघायला अजून तीच लागते. दुपारी हात धुताना तिनं सहज विचारलं, "त्या साली ओढ्याचं पाणी कुठवर आल्तं गं? तुझ्या ध्यानात हाय का?" मी म्हणाले, "तुझ्या मांडीपर्यंत." तिनं मान हलवली आणि ती पानं मांडायला गेली. तिच्यापुरता विषय संपला. मी मात्र जेवणं उरकल्यापासून वरच्या खोलीत वही घेऊन बसले आहे.

त्या साली मी, तुमची लेक, एकोणीस वर्षांची होते, गंगाखेडच्या कॉलेजात जात होते. तुमची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला परभणी. आई सकाळी एक छोटा तांब्या भरून तुमच्या उशाशी ठेवायची. डॉक्टरांनी तुम्हाला दिवसभराचं पाणी तेवढंच सांगितलेलं. तुमच्यासमोर ती स्वतः घोटभरही पीत नसे, गोठ्यामागं जाऊन प्यायची. एकदा तुम्ही तिला तिथं गाठलंत. "चोरून काऊन पितीस? माझ्यासमोर पी. तू पिलीस तर मलाबी जरा थंड वाटतं." त्यावर ती तुमच्यावरच चिडली होती.

लक्ष्म्या यायच्या आधी चार दिवस पाऊस हटला नाही. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला, एसटी बंद झाली, तुमची एक खेप चुकली. लक्ष्म्या बसल्या त्या दिवशी तुमच्या पायांवर सूज चढली. दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशी सकाळी, तुम्हाला आडवं होता येईना. भिंतीला टेकून तोंड उघडं ठेवून तुम्ही श्वास ओढत होता. चुलीवर डाळ उकळतेय, दारात तोरण, लक्ष्म्यांच्या अंगावर आईचं लग्नातलं नेसू, आणि समोर तुमचा तो घरघर आवाज. तुम्ही म्हणालात, "निवद होऊ द्या. मग बघू." आईनं पळी खाली ठेवली. "लक्ष्म्या थांबतील. तुमी न्हाई थांबणार."

मग ती माझ्याकडं वळली. "काकाला बोलीव."

काकांशी आपलं सहा वर्षं बोलणं नव्हतं. बांधावरून भांडण झालं तेव्हापासून एका चुलीच्या दोन चुली आणि लक्ष्म्यांच्या एका जोडीच्या दोन जोड्या झालेल्या. मी त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा काका आंब्याची पानं बांधत होते. "दादांना दम लागलाय," एवढंच म्हणाले. हातातली पानं तशीच टाकून काकांनी ट्रॅक्टरची चावी घेतली. मागून काकू ओरडली, "तुमची चूल मी बघते! जावा तुमी!"

ट्रॉलीत गोणपाटावर तुम्ही, तुमच्या पाठीला पाठ लावून मी, कडेला आई. ओढ्यावर माणसं गोळा झाली होती. "घालू नका हो," एक जण म्हणाला, "काठ दिसंना गेलाय." त्या पुलाला कठडा नव्हता, नुसते कडेचे दगड. काकांनी ट्रॅक्टर थांबवला. पाणी गढूळ, वर काटक्या गरगरत जाणाऱ्या. तेवढ्यात आई खाली उतरली, लुगडं वर खोचलं, कुणाच्या तरी हातातला बांबू घेतला. "रोज डोक्यावर भारा घिऊन जाते मी इथून. दगड माझ्या पायाला ठाऊक हायेत. माझ्या मागं मागं आणा."

आणि ती पाण्यात शिरली.

मी बघते आहे. ती डाव्या पायानं दगड चाचपते, बांबू रोवते, एक पाऊल टाकते, हात वर करते. काका तेवढाच ट्रॅक्टर पुढं घेतात. पुलाच्या मध्यावर पाणी तिच्या मांडीला लागतं आणि ती एका अंगाला कलते. तुम्ही "अगं, माघारी..." म्हणता, पण तुमच्या आवाजात तेवढा जोर नाही, ते फक्त माझ्या पाठीला कळतं. इंजिन एकदा गचका खातं. काका दातओठ खाऊन रडतायत की शिव्या देतायत, मला आजही सांगता येणार नाही. ती पुन्हा सरळ होते. हात वर करते.

पलीकडं चढलो तेव्हा ती चिखलात मटकन बसली. काकांनी तिला हात धरून उठवलं. "वहिनी," ते म्हणाले, "तुमी लय..." सहा वर्षांनंतरचा त्यांचा तो पहिला शब्द होता.

गंगाखेडहून जीप मिळाली. परभणीच्या दवाखान्यात तुम्हाला मशीनवर घेतलं, दुपार कलता कलता तुमचा श्वास खाली बसला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "असं किती दिवस ओढणार? घरातलं कुणी मूत्रपिंड देऊ शकेल का, विचार करा." आईला साखरेचा आजार, तिचं चालणार नव्हतं. काकांचा रक्तगट जुळत नव्हता. माझा तुमचाच होता. "मी देते," मी म्हणाले. तुम्ही खाटेवरून ते ऐकलंत आणि म्हणालात, "घरी गेल्यावर बोलू."

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. घरी आलो तर काकूनं आपल्या घरच्याही लक्ष्म्यांची पूजा केली होती, पण दोन्ही घरांत निवद दाखवला नव्हता. "घरचा माणूस दवाखान्यात, अन् आमी पोळ्या खायच्या का?" ती म्हणाली. तिची पोरंसुद्धा भाकरीवर राहिली होती. मग आपल्या ओसरीवर एकच पंगत बसली. तुमच्या पानात चतकोर पोळी. काका तुमच्या शेजारी. तेव्हापासून लक्ष्म्या एकत्रच बसतात.

जेवण झाल्यावर तुम्ही मला लिंबाखाली बोलावलंत. "ते दवाखान्यातलं," तुम्ही म्हणालात, "न्हाई. तुझ्या अंगाला सुरी लावून मला जगायचं न्हाई. पुन्ना बोलायचं न्हाई यावर." मी रडले. आईनं मला पोटाशी धरलं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, आणि भावकीत अजून सांगतात, पोरीनं काळीज काढून द्यायची तयारी केली होती, बापानंच घेतलं नाही.

खाली आई मला हाक मारते आहे, संध्याकाळच्या आरतीला. तिला हे वाचून दाखवणार नाही. वही कपड्यांखाली जाईल.

दादा, त्या रडण्यात निम्मं सुटकेचं होतं. पुढं आठ महिने तुम्ही होता, रोज समोर होता. तुम्ही हो म्हणाल या भीतीनं मी पुन्हा विचारलं नाही.