ससे नव्हेत, सरदार

२ मार्च.
काल सेंट डेव्हिडच्या सणाच्या जेवणात पेनरी सरांनी सगळ्या गावासमोर माझा अपमान केला. मी इतकेच म्हणालो होतो की आपल्या टेकडीवरच्या प्राचीन तटबंदीच्या आत जो उंचवटा आहे, तो तटबंदीइतका जुना नाही. हजारेक वर्षांनंतर कुणा सरदाराने आत घुसून आपला छोटा किल्ला बांधला असावा. सर चमचा चाटत म्हणाले, "इदवल, बाळा, तिथे मठवाले ससे पाळायचे. माती टाकून बिळं करून द्यायचे त्यांना. हवं तर जा, वर उभा राहून पहारा दे." चॅपलचा हॉल हसला. सर आमचे हेडमास्तर होते, आता इतिहास मंडळाचे अध्यक्ष आहेत. सूड घेणार. शांतपणे, पद्धतशीर.

४ मार्च. सकाळी, दुकानात.
व्हायचे तेच झाले. ब्लॉडवेन आंटी कोंबड्यांचे दाणे घ्यायला आली आणि म्हणाली, "इदवल ससा, जरा लवकर दे रे." गावात आम्ही चार इदवल. इदवल दूध, इदवल पोस्ट, इदवल बाजा. मी आजवर बिनशेपटीचा होतो. आमच्याकडे नावाला लागलेले शेपूट निघत नाही. आयवर मामा तरुणपणी एकदा सायकलवरून पडला. म्हातारा होऊन न्यूमोनियाने गेला, तरी थडग्यावर कोरलेच: आयवर ब्रेक.
माझ्या थडग्यावर ससा येऊ देणार नाही.

७ मार्च.
सरांनाच शेपूट लावायचे ठरवले. 'पेनरी बीळ'. ब्लॉडवेन आंटीला अत्यंत गुप्तपणे सांगितले, म्हणजे गावभर होईल.

११ मार्च.
झाले नाही. आंटी म्हणाली, "सरांना सर म्हणतात. त्यांना आणखी कशाला शेपूट?"

१२ मार्च.
पोस्टाच्या खिडकीत इतिहास मंडळाची सूचना लागली आहे. दोन स्पेलिंग चुकलेली. लाल शाईने दुरुस्त केली. लाल मुद्दाम.
संध्याकाळी सर दुकानात आले. आभार मानले. म्हणाले, "स्पेलिंग तुझं पहिल्यापासून पक्कं. बाकीचे विषय देव बघून घेईल असं मी तुझ्या आईला तेव्हाच म्हणालो होतो." यापुढच्या सगळ्या सूचना तपासायला माझ्याकडे देणार आहेत. हो म्हणालो. शत्रूच्या गोटात शिरलो आहे.

२३ मार्च.
टेकडीवर जाऊन कुंपणाच्या तारेने उंचवटा मोजला. सशांचे ढिगारे उशीसारखे लांबट असतात. माझा गोल आहे. भोवती खंदकही आहे. त्यात पडलो. घोटा सुजला. खंदक खोल असल्याचा हा पुरावाच. घरी आई म्हणाली, "सरदार एकटाच परत आला? सैन्य कुठंय?"

१ एप्रिल.
पुरातत्त्व कार्यालयाला पत्र टाकले.
रात्री: तारीख लक्षात आली. पहिले पत्र थट्टा नव्हे, असे दुसरे पत्र लिहिले. आता दुसरे थट्टेचे वाटू नये.

२४ एप्रिल.
उत्तर आले. मिस ट्रेहार्न स्वतः पाहायला येणार. माझा प्लॅन: त्यांचा निकाल लागला की मी एक शब्दही बोलायचा नाही, सरांकडे फक्त बघायचे. आरशासमोर सराव केला. आईने विचारले, दाढ दुखतेय का.

१० मे.
अर्धे गाव टेकडीवर. मिस ट्रेहार्न खंदकात उतरल्या (पडल्या नाहीत), फिरल्या, फोटो काढले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ससे एवढा खंदक मागत नाहीत. मध्ययुगीन किल्ला असू शकतो. मी सरांकडे वळलो आणि बघणार, इतक्यात सरांनी टोपी काढली. म्हणाले, "मी चुकलो, इदवल. ऐकायला हवं होतं तुझं." वर हात पुढे केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यासाठी. माझी बघायची वेळ टळून गेली. हा माणूस फार पोहोचलेला आहे.

२ जून.
रिपोर्ट आला. 'संभाव्य मध्ययुगीन किल्ल्याचे ठिकाण.' संभाव्य! लगेच पत्र लिहिले, तेवढा एक शब्द काढा. 

१३ जून.
मिस ट्रेहार्न कळवतात की खणल्याशिवाय काढता येत नाही, आणि खणायचा विचार नाही.
सरांनी गावासाठी सूचना लिहून तपासायला पाठवली. वर माझे पूर्ण नाव, खाली तोच शब्द. पुन्हा पुन्हा पाहिला. स्पेलिंग बरोबर होते. कशाच्या आधारावर खोडणार? परत केली.

१६ जून.
सूचना पोस्टाच्या खिडकीत लागली. 'संभाव्य' म्हणजे 'कदाचित', एवढे गावभर झाले. ससा गेला. तेवढे काम झाले.
दुपारी दुकानात गर्दी. ब्लॉडवेन आंटी दारातूनच म्हणाली, "काय इदवल कदाचित, कुंपणाची तार आली का?" मी म्हणालो, संपली आहे. तिने विचारले, मग गुरुवारच्या गाडीने येईल का. ती गाडी कधी येते, कधी येत नाही, आणि खोटे बोलणे मला जमत नाही. म्हणालो, कदाचित.
हसणे रस्त्यापर्यंत ऐकू गेले असेल. रांगेत पेनरी सर होते. तेवढे एकटे हसले नाहीत.
याचाही सूड घ्यावा लागेल.