तीस जूनपर्यंत विमान

२ जानेवारी

आजपासून रोज लिहायचं. मोठी कामं करणारी माणसं लिहून ठेवतात म्हणे. मी विमान बांधणार आहे.

ठरवून ठरलं नाही. काल मुलगा आणि सूनबाई आले होते. मुलाचं तेच पालुपद. एकटी काय करतेस या घरात, किती दिवस शिवणार लोकांचे कपडे, कुलूप लाव आणि आमच्याकडे चल. मी म्हटलं, मला वेळ नाही. तो म्हणाला, कसला वेळ? समोर खोकी दिसली आणि तोंडातून निघून गेलं, "विमान बांधायचंय मला."

खोकी वरच्या खोलीतल्या भाडेकरूची. सहा वर्षांपूर्वी गेला तेव्हा चार टाकून गेला. आत विमानाचे सुटे भाग. घरी जोडायचं, एका माणसाचं. म्हणाला, ठेवा तुम्हालाच, माझ्याच्यानं होत नाही. तेव्हापासून मी त्यांच्यावर कापड बेतते. उंची अगदी मापात आहे.

सूनबाई हसल्या असत्या तर मीही हसले असते आणि विषय संपला असता. पण त्या गंभीरपणे म्हणाल्या, "आई, झेपेल तेवढंच करा हं."

झालं. तीस जूनपर्यंत फ्लाइंग क्लबच्या तपासनिसाने विमान पास केलं तर मुलाने पुन्हा विषय काढायचा नाही. नापास केलं तर मी मुकाट्याने बॅग भरायची. मुलाने हात पुढे केला, मी टाळी दिली. लगेच पस्तावले, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

३ जानेवारी

मुलगा वाईट नाही. मागे त्याच्या जुन्या घरी आठ दिवस राहिले होते. भांडं उचललं की "आई, राहू दे". झाडू घेतला की "आई, तुम्ही बसा". आठ दिवस बसून काढले. शेवटी उशीचा एक धड अभ्रा उसवला आणि परत शिवला, हाताला काहीतरी काम म्हणून. इथे निदान गल्लीतल्या प्रत्येकाची कंबर मला पाठ आहे, आणि ती वाढली की मला सगळ्यांच्या आधी कळते. हे सोडून जायचं नाही.

तेव्हा विमान झालंच पाहिजे. बेत: जानेवारी सांगाडा. फेब्रुवारी पंख. मार्च इंजिन. एप्रिलमध्ये पास. मे आणि जून आराम.

५ जानेवारी

खोकी उघडली. नळ्या, पत्रे, बोल्टच्या पिशव्या, एक इंजिन, त्याने फिरणारा एक लाकडी पंखा, कापडाचा भलामोठा रोल आणि एक पुस्तक. पुस्तक दोनशे बारा पानी, इंग्रजी. माझी शाळा गावची, चौथीपर्यंत. सूनबाईंनी फोनवर विचारलं, आई, वाचणार कसं? मी म्हटलं, चाळीस वर्षं फ्रॉक शिवले, इंग्रजी कुठे लागलं? चित्र बघायचं, बेतायचं, जोडायचं.

चित्रं छान आहेत. मधूनमधून लाल चौकटीत ठळक अक्षरांत काहीतरी छापलंय. जाहिराती असाव्यात. हल्ली सगळीकडे असतात.

२८ जानेवारी

सांगाडा झाला नाही. माझा दोष नाही. शाळेचे गणवेश आले, एकूण तीस. विमान थांबू शकतं, शाळा थांबत नाही.

तरी शेपटी जोडली. स्वयंपाकघरात ठेवली आहे. तिच्यावर पोळपाट छान बसतो.

११ फेब्रुवारी

पाण्याचे पंप दुरुस्त करतात ते समोरचे पंपवाले आज आपणहून आले. म्हणाले, टेलरबाई, ऐकलं ते खरं का? मी म्हटलं, खरं, आणि पहिली चक्कर तुमच्या छपरावरूनच. पत्रे जोडायला रिव्हेट मारायचं यंत्र त्यांच्याकडे आहे. दोन तास बसून चाळीस रिव्हेट मारले. चहा दोनदा घेतला. जाताना इंजिनाकडे बघून उसासा टाकला.

इंजिन माझ्या मागेच ठेवलं होतं. उसासा कोणासाठी होता हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. गृहस्थ एकटे आहेत. मीही एकटी. गल्ली लहान. सांभाळून राहिलं पाहिजे.

१२ फेब्रुवारी

पंपवाले परत आले. मी नवी साडी नेसले होते, पण ते धुऊन ठेवलेली दुसरी नव्हती म्हणून.

९ मार्च

सांगाडा उभा राहिला. पुढच्या खोलीतून मशीन मागच्या खोलीत न्यावं लागलं. येणारा जाणारा विचारतो, दारातून बाहेर कसं काढणार. मला काय दूधखुळी समजतात? दार मोजलं आहे. पंख सुटे होतात. लोकांना वाटतं अक्कल फक्त त्यांच्याच घरी.

मुलगा आला होता. सांगाड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. एक नळी हलवून बघितली, हलली नाही. तोंड उतरलं त्याचं. मी म्हटलं, घाबरू नकोस, तुझ्याकडे यायला मला आता गाडी लागणार नाही, थेट गच्चीवर उतरेन. सूनबाईंना सीटवर बसवलं, पट्टा घट्ट बांधला आणि चहा ठेवायला निघून गेले. पंधरा मिनिटांनी सोडवलं. माप घ्यायचं होतं, असं सांगितलं.

३० मार्च

आजपासून पंखांचं कापड. इथे मला कोणी शिकवायला नको.

पुस्तकातल्या चित्रात एक माणूस सांगाड्यावर कापड चिकटवतो आणि नंतर वरून इस्त्री फिरवतो. आधी चढवायचं, मग इस्त्री. असल्या माणसाला मी दुकानात उभं केलं नसतं. नवं कापड आधी आटवून घ्यावं, मग कात्री लावावी. चाळीस वर्षांत माझ्याकडचा एक कपडा धुतल्यावर आखूड झाला नाही, तो याच्यामुळे.

कापड रात्रभर बादलीत भिजवलं. सूतभरही आटलं नाही. दर्जेदार माल.

३१ मार्च

तरी खात्री म्हणून कडक इस्त्री मारून बघितली. बाप रे, दुधावरची साय आक्रसते तसं आक्रसलं. हातभर कापडामागे तीन बोटं कमी झालं. बरं झालं आधीच कळलं. विमानावर चढवून मग आटलं असतं तर काय झालं असतं? दिवसभर सगळा रोल इस्त्री केला. आता आयुष्यात आटणार नाही. पंपवाले म्हणाले, पुस्तकात हे पान लाल चौकटीतलं आहे. मी म्हटलं, पंपवाले, तुम्ही पंप बघा.

२२ एप्रिल

दोन्ही पंखांच्या खोळी शिवल्या. दुहेरी शिवण, टोकाला गोलाई, एक टाका वाकडा नाही. सांगाड्यावर चढवल्या, डिंकाने कडा चिकटवल्या. काय देखणे दिसतात.

थोडे सैल आहेत. हवेशीर म्हणता येईल.

२३ एप्रिल

चित्रातल्यासारखी वरून इस्त्री फिरवली. काही फरक नाही. ऊन लागलं की ताणतील.

६ मे

अंगणात ऊन दिलं. काल अचानक एक सर येऊन गेली. सकाळी बघते तर दोन्ही पंखांवर तळी साचलेली आणि चिमण्या त्यात आंघोळ करतायत. पक्ष्यांना पंख बरोबर ओळखता येतो.

पंपवाल्यांनी डोकं खाजवलं. म्हणाले, टेलरबाई, ढोलासारखं वाजायला हवं ना हे? बोटाने टिचकी मारली. वाजलं नाही. मी म्हटलं, मला विमान हवंय, ढोल नकोय.

१९ मे

इंजिन चालू केलं. पहिल्या झटक्यात. पंपवाल्यांचे डोळे भरून आले. इंजिनावर हात ठेवून उभे राहिले, जसा कोणी... जाऊ दे. मी खाली बघितलं.

पंख्याच्या मागच्या दोरीवर दुसऱ्या शाळेचे सोळा गणवेश वाळत होते, हे लक्षात नव्हतं. नऊ सापडले. दोन पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या पाटीवर. बाकीच्यांचा शोध चालू आहे. पण ताकद केवढी, ते बघा.

मुख्याध्यापिका येऊन गेल्या. मी म्हटलं, बाई, मुलं वर जावीत असंच म्हणता ना तुम्ही. त्या हसल्या नाहीत.

१४ जून

क्लबला कळवलं. तपासनीस साहेब तीस तारखेलाच येणार. आधीची तारीख नाही म्हणे. हरकत नाही. पास व्हायला एक दिवस पुरतो.

पंखांचं काय ते ठरवलं. आतून दोरे ओढून मधेमधे टाके घातले. उशांना घालतात तसे. आता तळं साचत नाही. छोटी छोटी डबकी साचतात.

२९ जून

सगळं तयार. रंग दिला, निळा. मुलाचा फोन आला. आवाज मऊ होता. म्हणाला, आई, उद्या काही झालं तरी मनाला लावून घेऊ नकोस. मी म्हटलं, तूच घेऊ नकोस. मग म्हणाला, तुझी खोली तयार ठेवलीय, सहज सांगतोय. सहज.

खिडकीशी बराच वेळ मशीनवर बसले. काही शिवायचं नव्हतं. रिकामंच पाय मारत होते.

३० जून

साहेब दहाला आले. माणूस तरुण, शर्टाच्या कॉलरला घडी चुकीची. मी सांगितलं, उतरवून द्या, पाच मिनिटांत करते. नको म्हणाले.

सांगाडा बघितला. बोल्ट बघितले. एकेक ओढून बघितला. मान हलवत होते, वरखाली, म्हणजे चांगलं. मुलगा आणि सूनबाई भिंतीला टेकून उभे. पंपवाले इंजिनाजवळ.

मग साहेबांनी पंखावर हात ठेवला. हात आत गेला. उचलला, तर कापड त्याच्याबरोबर वर आलं. त्यांनी परत ठेवला, परत उचलला. मग विचारलं, मावशी, हे कापड लावायच्या आधी काही केलंत का?

मी अभिमानाने सांगितलं. भिजवलं, कडक इस्त्री मारली, पूर्ण आटवून घेतलं.

साहेब खुर्चीत बसले. हळू आवाजात समजावलं. हे कापड मुद्दाम आटणारंच करतात. सैल चढवायचं, मग इस्त्रीने आटवायचं, म्हणजे ते पंखावर ताठ बसतं. पंख ताठ असला तर विमान उडतं. "मावशी, याचं आटणं हेच याचं काम होतं. ते तुम्ही टेबलावर करून घेतलंत."

मी विचारलं, आता?

सगळं उसवा, नवं कापड मागवा, परत चढवा. चार महिने. शिवण मात्र अशी कधी बघितली नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. कागदावर ते लिहिलं नाही. कागदावर एकच शब्द लिहिला.

जाताना सहज विचारावं तसं विचारलं, मावशी, तुम्ही कधी विमानात बसला आहात? असले खासगी प्रश्न विचारू नयेत.

मुलगा भिंतीपासून पुढे आला. जिंकल्यावर माणसाने जरा चिडवावं. मी असते तर वर्षभर चिडवलं असतं. त्याने फक्त विचारलं, "शनिवारी येऊ का गाडी घेऊन?" मी म्हटलं, ये. बोली ती बोली.

मग एकदम आठवल्यासारखा म्हणाला, मशीनही गाडीत मावेल. मी तोंड फिरवून डोळे पुसले. डोळ्यात रंगाचा वास गेला होता.

२ जुलै

बॅग भरली. संध्याकाळी पंपवाले आले. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. दारातच उभे राहिले. म्हणाले, टेलरबाई, तुम्ही जाणार, म्हणून आता विचारतो, किती महिने मनात आहे, धीर होत नव्हता.

मी उत्तर फेब्रुवारीतच तयार ठेवलं होतं. नकार, पण गोड. लोक काय म्हणतील, आपली वयं, असं सगळं. मान खाली घालून म्हटलं, विचारा.

म्हणाले, "ते इंजिन मला द्याल का? मोठ्या पंपाला अगदी फिट बसेल."

दिलं. तयार केलेलं उत्तर तसंच राहिलं. वाया गेलं असं नाही, कधीतरी उपयोगी पडेल.

४ जुलै, मुलाकडे

नवा फ्लॅट, नववा मजला. लिफ्टने आले. मुलगा म्हणाला, बघ आई, शेवटी आलीस की नाही उंचावर. आता चिडवतो. मला बरं वाटलं.

मशीन गॅलरीत ठेवायचं ठरलं. उजेड छान येतो, सूनबाई म्हणाल्या. जागा बघायला गेले. कठड्याला हात लावला आणि खाली बघितलं. गाड्या शर्टाच्या बटणांएवढ्या.

पुढचं नीट आठवत नाही. फरशीवर बसले होते, दोन्ही हातांत कठड्याचे गज, डोळे मिटलेले. सूनबाई शेजारी बसून माझं एकेक बोट सोडवत होत्या. म्हणाल्या, आई, घाबरलात का? मी सांगितलं, छे, गजांना रंग द्यायची वेळ झालीय, ते बघत होते.

मशीन आतल्या खोलीत ठेवलं.

संध्याकाळी मुलाने विचारलं, पलंग खिडकीशी लावू की भिंतीशी. भिंतीशी म्हटलं. खिडकीतून वारा लागतो.