उत्तमदादाची राहिलेली फेरी

प्रिय उत्तमदादा,

फोन जवळ असताना ही पत्र काऊन लिहून राह्यली, असं तुला वाटेल. पण फोनवर आपण जेवण झालं का, कापूस वेचला का, एवढं बोलतो आणि ठेवून देतो. मला आज जे सांगायचं आहे ते तोंडाने सांगता येणार नाही, म्हणून तेजूच्या वहीतली पानं घेऊन ओसरीवर बसले आहे.

इकडे सगळं बरं आहे. कापसाची शेवटची वेचणी झाली. यांचा गुडघा अजून दुखतो, पण शेतात जायचं सोडत नाहीत. तुझी भाची तेजस्विनी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुझ्यासारखीच तिला झाडांची, पाखरांची नावं विचारायची खोड लागली आहे.

मागच्या रविवारी आमच्या महिला संघाची सहल कव्वालच्या अभयारण्यात गेली. इंद्रवेल्लीहून टेम्पो केला, उटनूरवरून जन्नारमला गेलो. तू फॉरेस्टच्या नोकरीत होतास तेव्हा किती वर्षं म्हणत होतास, रंजे, एकदा आत येऊन पाहा. जन्म जंगलाच्या कडेला गेला, पण मी कधी आले नाही. सरपणापुरतं जंगल माहीत होतं तेवढंच. तेजूने हट्ट धरला म्हणून या खेपेला गेले.

सफारीच्या गाडीत आम्ही आठ बायका आणि तेजू. सागाची पानं गळून रस्ताभर पडली होती, चाकाखाली पापडासारखी मोडत होती. पुढे बांबूचं रान लागलं आणि बायका आपोआप गप्प झाल्या. पाणवठ्यावर चितळांचा कळप होता, एक पिल्लू आईच्या पोटाखालून आमच्याकडे बघत होतं. नंतर एक रोही, नीलगाय म्हणतात तो, दिसला तेव्हा शकुबाई म्हणाली, याले पाहाले इतक्या दूर काऊन आलो, हा तं रोज माझ्या चण्यात असते. सगळ्या हसल्या. वाघ काही दिसला नाही. पण दादा, मला तिथे फार शांत वाटलं. तू संध्याकाळी जंगलातून आलास की थोडा वेळ कोणाशी बोलत नसायचास, ते का, हे मला त्या दिवशी कळलं.

गाईड म्हणून सोनेराव नावाचा एक गोंड माणूस होता, तिशी-पस्तिशीचा. परत येताना त्याने आमचं गाव विचारलं. गावाचं नाव ऐकल्यावर तुझं नाव घेतलं. मी तुझी बहीण आहे हे सांगितलं नाही. तेजू सांगायला गेली तर मी तिचा हात दाबला. तो म्हणाला, "उत्तमदादानंच मले पावलं ओळखाले शिकवलं. अजून फोन करते. त्या वढ्यात दुसरं बिबट आलं का, एवढंच इचारते. म्हणते, त्या दिवशी मी फेरीले गेलो असतो तं ते जनावर वाचलं असतं."

सात वर्षं झाली, दादा. मला वाटलं होतं, हैदराबादला त्या बिल्डिंगच्या गेटवर तुझं मन लागलं असेल. तू नोकरी सोडलीस तेव्हा कोणी तुला जा म्हटलं नव्हतं. माझ्या राखणीतलं जनावर मेलं, असं म्हणून तूच गेलास. मी तुझी पिशवी भरून दिली, भाकरी बांधून दिल्या आणि तोंडातून शब्द काढला नाही.

तेजूचं वासरू तुला आठवत असेल. गाय वीत असताना मेली आणि नऊ वर्षांच्या पोरीने ते बाटलीने दूध पाजून वाढवलं. बिबट्याने ते ओढ्यात ओढून नेलं तेव्हा पोर दोन दिवस जेवली नाही. तू पंचनामा करवून घेतलास, तिला जवळ घेऊन समजावलंस की बिबट्यालाही पोट आहे. मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरी कोणी नसताना, कपाशीवर मारायचं औषध घेऊन मी ओढ्यात गेले आणि वासराच्या उरलेल्या मांसावर ओतून आले. यांना माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

संध्याकाळी तू दारावरून चालला होतास. म्हणालास, ओढ्याकडून फेरी मारून येतो. तू गेला असतास तर वासावरून तुला लगेच कळलं असतं. म्हणून मी तुला थांबवलं. "आधी जेवून घे, दादा. जंगल कुठी पळून नाही चाललं," असं म्हणाले. तुझ्या आवडीची अंबाडीची भाजी केली होती, ती मुद्दाम केली होती. तू दोन भाकरी जास्त खाल्ल्यास, अंधार पडला म्हणून फेरी राहिली, आणि सकाळी ते जनावर तुलाच पाण्याजवळ सापडलं. ती मादी होती, हे तू माझ्याच ओसरीवर बसून सांगितलंस. तेव्हाही मी चहा करायला आत निघून गेले.

सहलीहून आल्यावर दोन दिवसांनी मी हे यांना आणि तेजूला सांगितलं. हे उठून बाहेर जाऊन बसले. तेजू दिवसभर गोठ्यातच राहिली. दुसऱ्या सकाळी तिने वही आणून समोर ठेवली आणि म्हणाली, "पयले मामाले लिही." सोमवारी आम्ही तिघं फॉरेस्टच्या ऑफिसात जाणार आहोत. जे केलं ते मी स्वतः सांगणार, पुढे काय व्हायचं ते होईल. पण ते तुला कोणाच्या फोनवरून कळू नये, माझ्या हातून कळावं, म्हणून हे पत्र. तू माझ्या दारात पुन्हा पाय ठेवला नाहीस तरी मी तुला बोल लावणार नाही. फक्त एवढं मान्य कर, की त्या दिवशी तुझी फेरी चुकली नव्हती, मी ती चुकवली होती. ते जनावर तुझ्या राखणीत मेलं नाही, दादा. ते मी मारलं.

तुझीच,
रंजीता